संगणकावरील तक्त्याचे उत्तर चुकते तेव्हा

संस्थेचा जमाखर्च, वर्गणीदारांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे पूर्वी वहीत असे. आता ते संगणकावर, एक्सेलसारख्या तक्त्यात असते. वहीतील बेरीज दोघे तरी पडताळून पाहत. संगणकाची बेरीज मात्र सहसा कोणी तपासत नाही. संगणक सांगितलेला हिशेब बिनचूक करतो हे खरे; परंतु आपण जे सांगितले तेच आपल्याला सांगायचे होते काय, हे त्याला कळत नाही. अशा चुकीने गरजू विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते, आणि वार्षिक सभेत हिशेब जुळला नाही तर वर्षानुवर्षांचा विश्वास ढळतो. म्हणून फॉर्म्युल्याचे उत्तर चुकल्यास कारण कसे शोधावे, याची माहिती येथे देत आहोत.

उदाहरण आपल्या पुण्याचेच घेऊ. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघाचा हक्क सोडावा लागला व प्रांतिक कायदेमंडळांत राखीव जागा ठरल्या. त्या अशा: मद्रास ३०, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, बिहार व ओरिसा १८, मध्यप्रांत २०, आसाम ७, बंगाल ३०, संयुक्त प्रांत २०. एकूण १४८. हे आकडे याच क्रमाने बी२ ते बी९ या सेलमध्ये भरा आणि बी१० मध्ये =सम(बी२:बी९) असा फॉर्म्युला द्या. (संगणकावर ही अक्षरे अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.)

उत्तर १२८ आले तर २० कमी पडले. फॉर्म्युल्यात बी९ ऐवजी बी८ लिहिले गेले असेल, तर शेवटचा संयुक्त प्रांत सुटला. यादीच्या तळाशी मागाहून नाव जोडले की ही चूक हमखास होते. उत्तर ११८ आले तर ३० कमी आहेत, म्हणजे मद्रास किंवा बंगाल मोजला गेलेला नाही. आकडा डोळ्यांना दिसतो, पण संगणक त्याला अक्षर समजतो. असा आकडा बहुधा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला असतो. दुसरीकडून उतरवून आणलेल्या यादीत हे वारंवार घडते. सेलचे स्वरूप नुसते बदलून भागत नाही, आकडा पुन्हा टंकावा. उत्तर २९६, म्हणजे बरोबर दुप्पट आले, तर आधी केलेली एकूण बेरीजही पुन्हा बेरजेत धरली गेली आहे. सारांश, आधी फरक काढावा. फरकाचा आकडाच बहुधा कारणाकडे बोट दाखवतो.

आता प्रत्येक प्रांताचा वाटा काढण्यासाठी =बी२/बी१० लिहून फॉर्म्युला खाली ओढला, तर पुढच्या ओळीत तो बी३/बी११ होतो. बी११ रिकामा असल्याने तेथे चूक दाखवली जाते. बी१० च्या अक्षराआधी व आकड्याआधी डॉलरचे चिन्ह दिले की तो जागेवरून हलत नाही. बी११ मध्ये दुसराच एखादा आकडा असता, तर मात्र चूक न दाखवता खोटेच उत्तर आले असते.

तारखांचे असेच आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर तो महिना आधी वाचतो. १४/४ ही जयंतीची तारीख सालासह टंकली तर चौदावा महिना नसल्याने ती नुसती अक्षरे म्हणून राहते. पण महापरिनिर्वाणदिनाची ६/१२ मुकाट्याने १२ जून होते. पहिली चूक लक्षात येते, दुसरी येत नाही.

विद्यार्थ्याच्या क्रमांकावरून गुण शोधताना व्ही-लुकअप वापरतात. त्यातील चौथी जागा मोकळी सोडली तर क्रमांक यादीत नसला तरी संगणक जवळच्या लहान क्रमांकाचे गुण आणून देतो. यादी क्रमवार नसेल तर आणखीच गोंधळ होतो. चौथ्या जागी शून्य लिहावे, म्हणजे तंतोतंत क्रमांक नसल्यास तो तसे सांगतो. त्याचप्रमाणे ॲव्हरेज हे फंक्शन रिकामा सेल मोजत नाही, शून्य मात्र मोजते. गैरहजर विद्यार्थ्यापुढे काय लिहायचे, हे आधीच ठरवावे.

या चुका नवशिक्यांच्याच असतात असे नाही. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली देशांचे कर्ज व आर्थिक वाढ यांवर निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशांतील खर्चकपातीच्या चर्चेत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ तक्ता तपासला. इतर आक्षेपांबरोबरच त्याला असे आढळले की, सरासरीच्या फॉर्म्युल्यातून ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. ही चूक लेखकांनी मान्य केली. आमच्या विद्यार्थी मित्रांनी हे ध्यानात ठेवावे: मोठ्यांचा तक्ता तपासण्याचा अधिकार विद्यार्थ्यालाही आहे.

भगवान बुद्धांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे. या आणि स्वतः पाहा, असे तो सांगतो. कारणावाचून काही घडत नाही, ही त्याची शिकवण येथेही लागू पडते. तक्ता सभेपुढे ठेवण्यापूर्वी चार ओळींचा हिशेब हाताने करावा, एकूण बेरीज पावतीपुस्तकाशी ताडून पाहावी आणि ज्याने तक्ता केला नाही अशा दुसऱ्या सभासदाकडून तो तपासून घ्यावा. एवढ्या कामाला तासभर पुरतो.