नवजात बालकाचें यकृत व शौचाचा रंग

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आपलें पांच आठवड्यांचें बाळ घेऊन आमच्या घरीं आली. बाळाचे डोळे पिवळे होते. घरांतील वडील मंडळी म्हणत कीं, कावीळ सर्वच बाळांस होते, ती आपोआप उतरेल. शेजारणीनें तर काविळीची माळही आणून गळ्यांत घातली होती. परंतु हातांतील रक्ततपासणीच्या कागदावर यकृताच्या एन्झाइमांचे आंकडे ठळक अक्षरांत छापलेले पाहून मुलगी घाबरून गेली होती. आम्ही शिक्षक आहों, वैद्य नव्हे. तथापि त्या दिवशीं व त्यानंतर डॉक्टरांकडून जें समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

एन्झाइम हीं शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारीं द्रव्यें होत. यकृताच्या पेशींस इजा झाली म्हणजे त्यांतील एन्झाइमें, चीर पडलेल्या मडक्यांतून पाणी झिरपावें त्याप्रमाणें, रक्तांत उतरतात. एएलटी व एएसटी वाढलीं तर पेशी दुखावल्या, आणि जीजीटी वाढलें तर पित्ताच्या वाटेंत अडथळा आहे, असा तर्क करितात. मात्र हा तर्कच! एएसटी स्नायूंत व तांबड्या रक्तपेशींतही असतें. रक्त काढतांना त्या पेशी फुटल्या तरी आंकडा चढतो. जीजीटी तर निरोगी नवजात बालकांतही मोठ्या माणसाच्या कित्येक पट असतें. तेव्हां मोठ्यांच्या मापानें बालकाचा आंकडा मोजणें व्यर्थ होय.

आंकडे खरोखरच वाढण्याचीं कारणें पुष्कळ आहेत. जन्मतेवेळीं बाळ गुदमरणें, रक्तांत किंवा मूत्रमार्गांत जंतूंचा शिरकाव होणें, गर्भांत असतांनाच आईकडून रुबेला किंवा उपदंशासारखा रोग येणें, हीं त्यांपैकीं कांहीं. क्वचित् दुधांतील साखरच बाळास पचत नाहीं व दूध हेंच विष होतें. अशा वेळीं बाळ ओकतें, मलूल पडतें. परंतु सर्वांत फसवा रोग म्हणजे पित्तनलिका बुजून जाण्याचा. त्यांत बाळ प्रारंभीं चांगलें पितें, हंसतें, अंगही धरतें. म्हणून कोणास संशय येत नाहीं.

आम्हीं एका डॉक्टर स्नेह्यांस दूरध्वनि केला. त्यांनीं आंकडे पुरते ऐकूनही न घेतां विचारलें, "शौचाचा रंग कोणता?"

मुलगी म्हणाली, "सर, पांढुरका आहे, पण तें नुसतें दूधच पितें ना!"

हा समज घरोघरीं आहे, आणि तो घातक आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाचें शौच हळदीसारखें पिवळें असतें, तें पित्तामुळें. तें चुन्यासारखें किंवा भिजविलेल्या शाडूसारखें दिसूं लागलें म्हणजे पित्त आंतड्यांत पोंचत नाहीं असें समजावें. तेंच पित्त मग लघवींतून जातें व लंगोटावर गडद पिवळा डाग पडतो. एरवीं तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. पित्तावांचून ‘के’ जीवनसत्त्व अंगीं लागत नाहीं, म्हणून कित्येकदां बेंबींतून किंवा नाकांतून रक्त येतें.

पहिल्या आठवड्यांतील साधी कावीळ बहुतेक बाळांस होते व पुऱ्या दिवसांच्या बाळाची दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली किंवा दोन आठवड्यांपुढें रेंगाळणारी कावीळ मात्र डॉक्टरांस दाखविलीच पाहिजे. माळेचा उपाय करीत बसण्यास वेळ नसतो, कारण बुजलेल्या नलिकांमुळें यकृत आंतून जून होत जातें. जपानांतील सेंदाई येथें डॉ. मोरिओ कासाई यांनीं १९५५ सालीं आंतड्याचा तुकडा थेट यकृतास जोडण्याची शस्त्रक्रिया केली. ती साठ दिवसांच्या आंत झाल्यास यशाची आशा अधिक असते. तिच्यानंतरही कित्येकांस पुढें दुसऱ्याचें यकृत बसवावें लागतें. तैवानांत २००४ सालापासून सर्व मातांस शौचाच्या रंगांचें चित्र देतात, व जपानांत २०१२ पासून तें माता-बालकाच्या पुस्तिकेंत घातलें आहे. असलें एक रंगचित्र आमच्या विज्ञानाच्या वर्गांतही टांगावें असें आम्हांस वाटतें. मुलींनींच नव्हे, मुलांनींही तें पाहावें.

त्याच संध्याकाळीं बाळ मोठ्या रुग्णालयांत गेलें. अठ्ठेचाळिसाव्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. पुढें काय होईल हें डॉक्टर अजून निश्चित सांगत नाहींत; परंतु नाताळांत मुलीचें पत्र आलें, त्यांत एकच ओळ ठळक अक्षरांत होती: "सर, रंग आला."