जोकरला फाशी देता येईल का?

आमच्या परभणीजवळच्या पेडगावचा माणूस परगावी गेला की एक विनोद ठरलेला असतो: ‘काय, वेड पांघरून आलात का?’ खरं तर म्हणीतलं पेडगाव नगरकडचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठावर बहादूरगड आहे ते. आमचं पेडगाव परभणीहून मनमाडकडे निघालं की लागणारं साधं रेल्वे स्टेशन. हा गैरसमज निरुपद्रवी आहे, पण म्हण आज कामाची आहे. वेड पांघरण्यात बॅटमॅनच्या जोकरचा हात धरणारा दुसरा कुणी नाही.

जोकर माणसं मारतो, पकडला जातो, वेडा ठरून अर्कम इस्पितळात जातो, तिथून पळतो आणि पुन्हा माणसं मारतो. कॉमिक्स वाचणारी पोरं मग हमखास विचारतात: एकदाचा फासावर का चढवत नाहीत? त्यात पोप फाशीच्या विरोधात आहेत हे कानावर आलेलं असलं की वादाला रंग चढतो. ख्रिस्ती लोक काय, जोकरलाही सोडून देतील, असं कुणीतरी म्हणतंच. या एका वाक्यात बरेच गैरसमज एकत्र नांदतात.

पहिला अगदी जुजबी. सगळे ख्रिस्ती पोपचं ऐकत नाहीत, फक्त कॅथलिक ऐकतात. आणि कॅथलिक म्हणजे गोवा-वसईच असंही नाही. औरंगाबादला १९७७ पासून कॅथलिक धर्मप्रांत आहे, आणि परभणी जिल्हा त्यातच येतो.

‘चर्चचा फाशीला पहिल्यापासूनच विरोध’

मुळीच नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सडलेला अवयव जसा कापतात तसा समाजाला घातक माणूस राजसत्तेने कापावा, असं मांडलं. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायासन होतं. ते स्वतः हात रंगवून घेत नसे. दोषी ठरवलेल्याला राजसत्तेच्या स्वाधीन करायचं आणि पुढचं तिच्यावर सोपवायचं, अशी सोयीस्कर वाटणी होती. पोपच्या स्वतःच्या राज्यात ‘मास्त्रो तित्ता’ नावाने ओळखला जाणारा जल्लाद १७९६ ते १८६४ एवढा काळ नोकरीत होता. त्याने आपल्या वहीत ५१६ जणांची नोंद केली आहे. पोर्तुगालने १८६७ साली नागरी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली, तरी पोपच्या राज्यात १८७० पर्यंत मुंडकी उडत होती. नंतर व्हॅटिकन हे चिमुकलं राष्ट्र झालं, तेव्हाही पोपवर हल्ला करणाऱ्याला मृत्युदंड ही तरतूद १९२९ पासून १९६९ पर्यंत कायद्यात होती. ती कधी वापरली गेली नाही, एवढंच.

बदल अलीकडचा आहे. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं की ज्या प्रसंगी फाशीवाचून समाजाचं रक्षण होणारच नाही, असे प्रसंग आता जवळपास उरलेलेच नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझम या चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथातला २२६७ क्रमांकाचा परिच्छेदच बदलून घेतला. मृत्युदंड आता अस्वीकार्य आहे, कारण माणसाने कितीही भयंकर गुन्हा केला तरी त्याची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा जात नाही, असं तो परिच्छेद आता सांगतो.

‘म्हणजे थॅनोससमोरही हात जोडून बसायचं’

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे आणि मार्व्हलवाल्यांनी तो नकळत छान उलगडून दाखवला आहे. कॅटेकिझम बदलला त्याच २०१८ साली त्यांचा ‘इन्फिनिटी वॉर’ हा चित्रपट आला. त्यातला खलनायक थॅनोस जादूच्या मण्यांच्या जोरावर चुटकी वाजवून अर्धी सृष्टी संपवणार, तेवढ्यात नायकांपैकी थॉर त्याच्या छातीत कुऱ्हाड घालतो. वार प्राणघातक आहे, तरी चर्चच्या शिकवणुकीत त्याला जागा आहे. हल्ला चालू असताना तो थांबवण्यासाठी लागेल तेवढं बळ वापरणं, त्यात हल्लेखोराचा जीव गेला तरी, हे स्वसंरक्षण. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी तर ते कर्तव्यच. २०१८ च्या बदलाने या भागाला हातही लावलेला नाही.

पुढच्या वर्षी ‘एन्डगेम’ आला. सुरुवातीलाच सगळे मिळून थॅनोसला गाठतात. त्याने ते मणी आधीच नष्ट केलेले, अंगात त्राण नाही, हात तोडलेला, चहूबाजूंनी वेढलेला. आणि थॉर त्याचं मुंडकं उडवतो. कुऱ्हाड तीच, माणूस तोच, मारणाराही तोच. पण पहिला वार थांबवण्यासाठी होता. दुसऱ्या वाराने काहीच थांबलं नाही, गेलेला एकही जीव परत आला नाही. चर्च नाही म्हणतं ते या दुसऱ्या वाराला. थिएटरात टाळ्या मात्र तिथे पडतात, आणि त्या का पडतात हे मला चांगलं कळतं.

टाळ्यांवरून पनिशर आठवतो. १९७४ साली स्पायडरमॅनच्या अंकात आलेला हा गडी गुंडांना परस्पर गोळ्या घालतो. मार्व्हलच्या कथेप्रमाणे तो तरुणपणी पाद्री व्हायला निघाला होता! जुनी, फाशीला मुभा देणारी शिकवण घेतली तरी पनिशर त्यात बसत नाही. अक्वायनस यांनी तो अधिकार फक्त राजसत्तेला दिला होता, खासगी माणसाला कधीच नाही. एन्काउंटरच्या बातमीवर पेढे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

‘पण अर्कमची कुलुपं टिकत नाहीत, त्याचं काय?’

हा प्रश्न खरा अवघड आहे. १९९५ च्या वाक्याला धरून एखादा वकील म्हणू शकला असता: बाकी जगात तुरुंग भक्कम झाले असतील, बॅटमॅनच्या गॉथम शहरात झालेले नाहीत, तेव्हा हा तुमचा अपवाद घ्या. नव्या परिच्छेदातही तुरुंग अधिक परिणामकारक झाल्याचा उल्लेख आहे. पण मुख्य भार प्रतिष्ठेच्या मुद्द्यावर टाकल्याने ती फट बुजते. कुलूप मोडकं असेल तर कुलूप बदला, कैद्याला मारून दुरुस्ती होत नाही.

शिवाय अर्कमचं कुलूप मोडतं कोण? ‘बॅटमॅन’च्या १९४० सालच्या पहिल्याच अंकात जोकर मरणार असं ठरलं होतं. असा खलनायक वाया घालवायचा नाही म्हणून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवटच्या चौकटीत त्याला जगवलं. बॅटमॅनने कुणाला मारायचं नाही हा दंडकही त्यांच्याच काळातला. त्यामागे पोप नव्हते, बालवाचकांचे पालक आणि अंकाचा खप होता.

वेडाचंही सांगायला हवं. वेड खरं असेल तर दोष कमी होतो, हे चर्च आणि आपला कायदा दोघंही मानतात. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या कैद्याला नंतर जडलेला गंभीर मानसिक आजार लक्षात घेऊन शिक्षा जन्मठेपेवर आणली. निकालात त्याचं नावही गुप्त ठेवलं आहे.

‘क्षमा केली म्हणजे सोडून दिलं’

मेहमेत अली अग्जाने १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल यांना गोळ्या घातल्या. पोपनी त्याला चारच दिवसांत क्षमा केली, १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन भेटलेही. भेट संपली, पोप घरी गेले, अग्जा कोठडीतच राहिला. इटलीने त्याला २००० साली माफी दिली, आणि आधीच्या एका खुनासाठी तुर्कस्तानने पुन्हा आत टाकलं. तो कायमचा सुटला २०१० साली.

राहता राहिला न्यायालयीन चुकीचा मुद्दा. पोप फ्रान्सिस यांनी तो २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात मांडला, पण कॉमिक्सवाल्यांनी त्याआधीच, १९९६ मध्ये, त्यावर एक अख्खं पुस्तक काढलं होतं. विषारी पोस्टाच्या तिकिटांनी माणसं मरतात, जोकरला फाशी होते, आणि हा गुन्हा नेमका त्याने केलेला नसतो! खरा गुन्हेगार शोधून काढतो बॅटमॅन. खऱ्या जगातही असं घडतं. नाशिकजवळच्या २००३ सालच्या एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पक्की केली. त्यातल्या तिघांची तर जन्मठेप वाढवून फाशी केली होती. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्या पोलिसांवर कारवाईचा आदेश दिला. मधल्या दहा वर्षांत सरकारने दोर ओढला नव्हता, म्हणून ते पैसे घ्यायला ही माणसं होती.