बंदूक नको, गोधडी घ्या!

जळगाव-धुळ्याचं नाव काढलं की बाहेरगावच्या पाहुण्याला आधी आठवतं ते इथलं ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण हाच पाहुणा जानेवारीत पहाटे धुळ्याच्या स्टँडवर उतरला, की त्याचे दात कडकड वाजायला लागतात! काही वर्षी तिथे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. समुद्र लांब, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आकाशात सोडून मोकळी होते. त्यात उत्तरेचे गार वारे सुटले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, 'थंडी वाजी ऱ्हायनी!'

आता समजा, अशा पहाटे तुम्हाला नदीकाठी झुडपाआड दोन तास बसायला सांगितलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत आणि शेकोटी तर मुळीच पेटवायची नाही. जमेल?

पूर्वी शिकाऱ्यांना हेच करावं लागे. सावज टप्प्यात येईपर्यंत ते दगडासारखे बसून राहत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, शिकारीला बंदी आली आणि बंदुका खुंटीला लागल्या. बरंच झालं! पण दबा धरून बसण्यातली गंमत काही संपली नाही. आता ती गंमत दुर्बीण घेऊन अनुभवता येते. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचंही असंच झालं. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. 'ही कुठली चिमणी?' या एका प्रश्नानं त्यांचं आयुष्यच बदललं.

आपल्या जळगाव जिल्ह्यात अशा 'शिकारी'साठी झकास जागा आहे. चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात ना, तिथे हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं असतं. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरतात. लडाख-तिबेटच्या बाजूला घरटी करणारा केशरी रंगाचा चक्रवाक त्यातलाच एक. पण पक्षी बघायचे तर पहाटेच गेलं पाहिजे, आणि गुपचूप बसलं पाहिजे. मग थंडीचं काय करायचं?

स्वेटर ऊब देत नाही!

दचकलात ना? घरी एक प्रयोग करा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक ताटलीत उघडा ठेवा. दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वेटरमध्ये गुंडाळा. स्वेटर ऊब देत असता, तर त्यातला बर्फ आधी वितळला असता. पण होतं उलटंच! स्वेटर फक्त बाहेरची उष्णता आत आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. खरी चूल आपल्या पोटात असते. शांत बसलेला मोठा माणूससुद्धा साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. ही उष्णता पळवणारे चार चोर आहेत. त्यांना अडवलं की झालं.

पहिला चोर : वारा. अंगालगतची हवा आपण तापवतो आणि वारा ती उडवून नेतो. म्हणून बांधाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला बसा. सगळ्यात वरचा कपडा वारा अडवणारा हवा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर बरे, कारण दोन्हींच्या मध्ये हवा अडकून राहते. आजीच्या गोधडीचं रहस्य हेच. जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा कोंडलेली असते. थंडीत पक्षी पिसं फुगवून गोल गरगरीत होतात, तेही याचसाठी.

दुसरा चोर : ओल. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. दवानं भिजलेले मोजे आणि घामानं भिजलेला बनियन हे थंडीत शत्रूच! स्वेटर घालून जोरात सायकल मारत गेलात तर घाम येतो, आणि बसल्यावर हुडहुडी भरते. म्हणून स्वेटर पिशवीत न्या आणि पोचल्यावर घाला. एक कोरडा मोज्यांचा जोड जवळ असू द्या. बदक बघा, शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसांना चोपडतं, म्हणून पाण्यात राहूनही ते कोरडंच!

तिसरा चोर : जमीन. गार जमिनीवर बसलात की बुडाखालून ऊब गेलीच म्हणून समजा. खाली बारदान घाला, कडब्याची पेंढी असेल तर फारच छान. बूट मात्र घट्ट नकोत. दोन-दोन मोजे कोंबले तर रक्त नीट खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. बदकाच्या पायांत वर जाणारं गार रक्त आणि खाली येणारं गरम रक्त अगदी शेजारून वाहतं. गरम रक्त आपली उष्णता गार रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे पाय गार राहिले तरी अंग गरम राहतं.

चौथा चोर : उघडं आकाश. आपलं अंगही जमिनीसारखीच उष्णता आकाशाकडे फेकतं. म्हणून उघड्यावर बसण्यापेक्षा झाडाखाली बसा. कानटोपी विसरू नका. अंगातली निम्मी ऊब डोक्यातून जाते, हे मात्र खरं नाही हं! पण बाकी अंग झाकलेलं असतं आणि डोकं, कान उघडे, म्हणून थंडी तिथेच झोंबते.

आणि चुलीला सरपण हवंच. निघण्याआधी कळण्याची भाकरी-ठेचा खाऊन घ्या, खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा. 'थोडी घेतली की ऊब येते' असं काही मोठी माणसं म्हणतात, ते साफ चूक आहे. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता उलट लवकर बाहेर पडते.

गंमत म्हणजे हीच युक्ती आपल्याकडे केळीसाठीही करतात. रावेर-यावल भागात थंडीच्या कडाक्यात बागेभोवती वारा अडवणारी झाडं किंवा कुंपण असतं. रात्री बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर करतात आणि विहिरीचं पाणी देतात. हिवाळ्यात ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं ना!

हे मात्र घरात सगळ्यांना वाचून दाखवा

शेकोटी अंगणातच बरी. दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला कळतही नाही आणि जीव जातो.

एखादा थंडीनं खूप थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, गुंगीत गेल्यासारखा वाटत असेल, तर ओले कपडे काढून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळा. शुद्धीवर असेल तर गरम, गोड चहा द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. थरथर अचानक थांबली आणि माणूस सुस्त पडला, तर 'बरं वाटायला लागलं' असं समजू नका. तेव्हाच जास्त धोका असतो.

मित्रांनो, हतनूरला जाल तेव्हा मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि पाण्यापासून लांब बसा. पण तिथे जाण्याआधी घरातच एक काम करा. रात्रीच्या पाळीत वीज आली की तुमचे बाबा, काका किंवा शेजारचे दादा गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला निघतात. अंधार, गार वारा आणि पाय चिखलात. आपले चारही चोर तिथे एकदम हजर असतात! त्यांच्या पिशवीत आज कोरडे मोजे आणि कोरडा टॉवेल ठेवा. कानटोपी आठवणीनं हातात द्या. आणि ते परत येतील तेव्हा चहाचं आधण चुलीवर असू द्या.