दोन राज्ये, एक नोकरदार : व्यवसाय कराचा हिशेब

घाटकोपर येथे राहणारा कामगार पहाटे घर सोडतो, अंधेरीमार्गे पश्चिम रेल्वे गाठतो आणि वापी येथील कारखान्यात कामावर हजर होतो. १ मे १९६० पूर्वी हा सारा प्रवास एकाच मुंबई राज्यात होत असे. आज मध्ये दोन राज्यांची सीमा आहे. अशा व्यक्तीने कर कोणत्या राज्यास द्यावा आणि एका राज्यात भरलेल्या कराची सूट दुसऱ्या राज्यात मिळते काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

आयकरापुरते उत्तर सोपे आहे. शेतीव्यतिरिक्त उत्पन्नावरील कर संविधानाने केंद्राकडे सोपविला आहे. त्यामुळे राज्य बदलले तरी आयकर एकदाच भरावा लागतो. अमेरिकेत तसे नाही. तेथील बहुतेक राज्ये आणि काही स्थानिक संस्थाही आयकर घेतात. परराज्यात भरलेला कर कौंटीच्या करातून वजा न करण्याची मेरीलँड राज्याची पद्धत तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविली.

आपल्याकडे राज्यांना जो कर बसविता येतो, तो व्यवसाय कर होय. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार त्याची मर्यादा प्रतिवर्षी २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. परंतु ही मर्यादा प्रत्येक राज्यापुरती आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे.

सूट कोठे, कोठे नाही

हा कर निवासावर नसून नोकरी वा व्यवसायावर आहे. म्हणून केवळ वापीत नोकरी करणाऱ्या घाटकोपरवासीयास महाराष्ट्राचा व्यवसाय कर लागत नाही. गुजरातेत दरमहा १२,००० रुपयांहून अधिक वेतनावर २०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,४०० रुपये कापले जातात. तोच गृहस्थ घाटकोपरला शिकवणी वर्गही चालवीत असेल, तर त्याने महाराष्ट्रात नावनोंदणी करून २,५०० रुपये भरणे आवश्यक ठरते. एकूण ४,९०० रुपयांपैकी एका राज्याची रक्कम दुसऱ्या राज्यात वळती होत नाही.

उलट नोकरी ठाण्यास आणि वर्ग घाटकोपरला असेल, तर राज्य एकच असल्याने सर्वाधिक दराचा एकच कर लागतो. जुन्या करपद्धतीत वेतनातून भरलेला व्यवसाय कर आयकराच्या हिशेबात उत्पन्नातून वजा होतो. नव्या पद्धतीत ही वजावट नाही.

कराचे प्रयोजन

महाराष्ट्रात हा कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला, तो रोजगार हमी योजनेस निधी मिळावा म्हणून. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचा आधार दिला आणि कराच्या उत्पन्नाइतकीच भर शासनाने घालावी, अशी तरतूद केली. शहरातील पगारदाराच्या कपातीतून दुष्काळी भागातील मजुराच्या हाताला काम मिळाले.

दक्षता

नावनोंदणी टाळल्यास पुढे थकबाकीसह व्याज व दंड भरण्याची पाळी येते. यास्तव वेतन काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपातीचे ठिकाण तपासावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी सीमेपलीकडे कामास जाणाऱ्यांना वेतनचिठ्ठ्या व चलने जपून ठेवण्यास सांगावे. कोणता कर कोठे भरला, याचा तोच खात्रीचा पुरावा होय.