पी-५२ : पपायरसचा तुकडा आणि त्याचा काळ

मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयातील ‘पी-५२’ हा पपायरसचा तुकडा नव्या कराराच्या सर्वांत जुन्या अवशेषांमध्ये गणला जातो. त्याची उंची सुमारे ९ सेंटिमीटर, रुंदी ६ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना ग्रीक भाषेतील सात-सात तुटक ओळी आहेत. त्या योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या आहेत : एका बाजूला ३१ ते ३३, तर दुसऱ्या बाजूला ३७ व ३८ या वचनांमधील शब्द. प्रसंग आहे रोमन अधिकारी पिलात याने केलेल्या येशूच्या चौकशीचा.

बर्नार्ड ग्रेनफेल यांनी १९२० मध्ये इजिप्तमध्ये इतर पपायरसांबरोबर हा तुकडा विकत घेतला. पुढे कॉलिन रॉबर्ट्स यांनी तो कोणत्या ग्रंथाचा हे ओळखले आणि १९३५ मध्ये त्याची संहिता प्रसिद्ध केली.

गुंडाळीत मजकूर सहसा आतल्या बाजूलाच लिहीत. येथे मात्र एकच ग्रंथ पुढच्या बाजूवरून मागच्या बाजूवर चालू राहतो. म्हणजे हे बांधीव पुस्तकाचे पान होय. मधल्या गहाळ मजकुराचा हिशेब केला तर एका पानावर सुमारे १८ ओळी भरतात आणि संपूर्ण शुभवर्तमानाला सुमारे १३० पाने लागतात. ख्रिस्ती समाजाने पुस्तकाचा हा आकार किती लवकर स्वीकारला, हे यातून दिसते.

तुकड्यावर तारीख नाही. त्यामुळे काळ ठरवायचा तो अक्षरांच्या वळणावरून, इतर लेखांशी तुलना करून. रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध सुचवला आणि या मताला मोठे महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक फर्डिनांड बाउर यांनी हे शुभवर्तमान दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले होते. ग्रंथाची प्रत त्याआधीच इजिप्तमध्ये वाचली जात असेल, तर त्याची रचना आणखी जुनी ठरते.

पुढे ‘इ.स. १२५’ हे साल लोकप्रिय लेखनात रूढ झाले. पण अक्षरवळणाचा पुरावा इतका नेमका नसतो. एकाच धाटणीचे हस्ताक्षर अनेक दशके चालते, आणि एक लेखनिक आयुष्यभर तेच वळण गिरवतो. रॉबर्ट्स यांनी तुलनेला घेतलेल्या ‘एगर्टन’ पपायरसचाच आणखी एक भाग १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका विरामचिन्हामुळे तो इ.स. २०० च्या आसपासचा असावा, असे मत पुढे आले. ब्रेंट नाँगब्री यांनी २००५ मध्ये दाखवले की पी-५२ सारखी अक्षरे दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या व तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या लेखांतही आढळतात. ओर्सिनी आणि क्लारिस यांनी २०१२ मध्ये इ.स. १२५ ते १७५ ही मर्यादा सुचवली.

म्हणून पी-५२ चा काळ एका सालात नव्हे, तर काही दशकांच्या पट्ट्यात सांगणेच योग्य. शुभवर्तमान कोणी व कोठे रचले, हे या तुकड्यावरून ठरत नाही. मात्र जो थोडा मजकूर उरला आहे, तो पुढच्या काळातील पूर्ण हस्तलिखितांशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि या ग्रंथाचा प्रसार किती लवकर झाला याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.