पाणी रोपाला, दिव्याला नव्हे

शहरातील सदनिकांना अंगण उरले नाही आणि कित्येक बाल्कन्यांत ऊनही उतरत नाही. त्यामुळे तुळस, पुदिना, कोथिंबीर आता घरातच ग्रो लाइटच्या प्रकाशात वाढवली जाऊ लागली आहे. हौस स्तुत्य आहे. मात्र पाणी आणि २३० व्होल्टची वीज येथे हातभर अंतरावर नांदतात, याचे भान सुटता कामा नये. नळाच्या पाण्यात क्षार असतात, खत मिसळल्यावर ते वाढतात आणि असे पाणी वीज सहज वाहून नेते.

दिवा घेताना खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढील दोन अंक पाहावेत. त्यांतील दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. आयपी ४४ शिंतोडे सोसतो, आयपी ६५ पाण्याचा झोतही. गफलत होते ती पुढेच. हा अंक बहुधा दिव्यापुरताच असतो. अडॅप्टर, प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड उघडेच राहतात. बोर्ड जमिनीवर, कुंडीच्या ताटलीशेजारी ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रणच.

अडॅप्टर व बोर्ड कुंड्यांपासून दूर, उंचावर असावेत. वायर सॉकेटकडे नेण्यापूर्वी झोळीसारखी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी तिच्या तळाशी टपकते, सॉकेटात शिरत नाही. फवारणीपूर्वी दिवा बंद करावा आणि पाने निथळल्यावरच लावावा. अडॅप्टरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नये. तीत उष्णता कोंडते आणि दमटपणाही अडकतो. पावसाळ्यात हवा खेळती ठेवावी. महिन्यातून एकदा प्लग काढून पाहणी करावी. पिनांवर हिरवट थर, काळपट डाग किंवा दिव्याच्या काचेआड बाष्प दिसल्यास तो वापरू नये.

दिवा भिजलाच, तर त्याला हात न लावता प्रथम कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एमसीबी अतिरिक्त भारापासून वायरिंगचे रक्षण करतो. माणसाला बसणारा धक्का त्याला बहुधा उमगत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो घरात आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्यावे आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. रोप सुकले तर पुन्हा लावता येते. पाणी घालणाऱ्या हाताला मात्र दुसरी संधी मिळेलच असे नाही.