येलदरीच्या लेकरांनी भौतिकशास्त्र का शिकू नये?

जिंतूरहून सेनगावकडे जाताना पूर्णा नदीवरचे येलदरी धरण लागते. १९६८ साली पुरे झालेले हे धरण मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. धरणाच्या पायथ्याशी वीजघर असून तेथे प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅटची व्यवस्था आहे. पावसाळा चांगला झाला आणि दरवाजे उघडले की पंचक्रोशीतील माणसे मुलाबाळांना घेऊन पाणी बघायला येतात. पाणी सर्वांनी बघितले. परंतु त्या पाण्याची वीज कशी होते, हे सांगणारे शास्त्र पदवीपर्यंत शिकावे, अशी गोष्ट आपल्या किती घरांत निघते?

बारावी सायन्सचा निकाल लागला की घरात दोनच शब्द ऐकू येतात : 'नीट' आणि 'सीईटी'. तेथे नंबर लागला नाही की घर गप्प होते. मग कोणी तरी म्हणते, "घाला बी.एस्सी.ला, बसून तरी काय करणार?" ज्या शिक्षणाची सुरुवातच अशी नाइलाजाने होते, त्यात मुलाचे मन कसे रमणार? म्हणून या अंकात आम्ही भौतिकशास्त्राच्या पदवीविषयी, आणि तिच्या नव्या, सैल केलेल्या अभ्यासक्रमाविषयी पालकांशी, विशेषतः माताभगिनींशी बोलणार आहोत.

नवे काय आहे?

२०२० साली देशाचे नवे शैक्षणिक धोरण आले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा अभ्यासक्रम त्याप्रमाणे बदलला. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. तेथेही हाच आराखडा आहे.

पूर्वी भौतिक, रसायन, गणित असा ठरलेला गट घ्यायचा आणि तीन वर्षे तोच ओढायचा. आता एक प्रमुख विषय असतो, त्याला मुले 'मेजर' म्हणतात. त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, तो 'मायनर'. शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा खुला विषय, हाताला काम शिकवणारे कौशल्याचे विषय, भाषा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. प्रत्येकाला श्रेयांक आहेत. वर्गातले १५ तास शिकणे म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रयोगशाळेतले ३० तास म्हणजे एक श्रेयांक. आपल्या राज्यात वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक मिळवायचे असतात. एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षे पुरी केल्यास ऑनर्स पदवी. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते.

मिळवलेले श्रेयांक 'शैक्षणिक श्रेयांक बँके'त विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. ही बँक २०२१ साली सुरू झाली. पोस्टातल्या खात्यासारखेच समजा : आज जमा केलेले उद्या कामी येते. मध्येच शिक्षण सुटले तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

बाबासाहेबांची विषयांची निवड

ही मोकळीक आपल्याला नवी वाटते. पण बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेथे विद्यार्थ्याला विषय निवडता येत होते. त्या मोकळिकीचे बाबासाहेबांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. मुख्य विषय घट्ट धरला आणि त्याला लागतील ते विषय सभोवती जोडले. सोपे म्हणून काही घेतले नाही.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली. मुंबईला सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते परत गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. शिक्षणाबाहेर पडताना परतीचे दार त्यांनी स्वतः उघडे ठेवून घेतले होते.

भौतिकशास्त्र म्हणजे पायऱ्यांचा जिना

आता भौतिकशास्त्राकडे वळू. या विषयात खालची पायरी सोडून वरची चढता येत नाही. येलदरीच्याच पाण्याचे उदाहरण घ्या. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलो. ते ३० मीटर खाली पडते असे धरू. १,००० गुणिले ९.८ गुणिले ३० म्हणजे २,९४,००० ज्यूल ऊर्जा. सेकंदाला एक घनमीटर पाणी असे पडत राहिले, तर घट वजा न करता २९४ किलोवॅट. एवढे बारावीच्या मुलाला जमते. पण टर्बाइन फिरल्यावर तारेत वीज का उत्पन्न होते, हे नीट समजण्यास चुंबकीय क्षेत्र लागते, आणि ते समजण्यास कलनशास्त्र, म्हणजे गणित लागते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, भौतिकशास्त्र 'मेजर' घेणाऱ्या मुलामुलींनी महाविद्यालयात सोय असेल तर गणित हाच 'मायनर' घ्यावा. गणित अवघड, म्हणून मित्राने घेतला तो सोपा विषय घ्यायचा, असे पुष्कळदा घडते. त्याचे दुखणे तेव्हा कळत नाही. तीन वर्षांनी एम.एस्सी.च्या प्रवेशाला किंवा 'जॅम' परीक्षेला बसताना कळते, आणि तेव्हा मागची पायरी बांधायला वेळ उरलेला नसतो. ज्यांना नोकरी लवकर हवी त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकाचा विचार करावा, परंतु गणिताचा निदान एक तरी अभ्यासक्रम खुल्या विषयांतून मिळतो का, हे पाहावे. कुठे 'मेजर' पहिल्याच वर्षी ठरतो, कुठे दुसऱ्या वर्षी. प्रवेशाच्या दिवशीच विभागातील सरांना किंवा मॅडमना हे विचारून घ्यावे.

दुसरी सूचना प्रात्यक्षिकांची. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास. ते तास प्रयोगशाळेतच गेले पाहिजेत, मागच्या वर्षाच्या वहीवरून आकडे उतरवण्यात नव्हे. आपल्या मुलांच्या घरी प्रयोगाची साधने नाहीत, शिकवणीला पैसे नाहीत. प्रयोगशाळा ही त्यांची हक्काची जागा आहे. ती हक्काने मागावी.

प्रमाणपत्र हे दार की भिंत?

येथे आम्हांस एक धोका दिसतो, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय चांगल्या हेतूने केली आहे. पण ही सोय वापरण्याची पाळी कोणावर येईल? ज्याच्या घरी दोन वेतने येतात, त्याचा मुलगा चार वर्षे पुरी करील. बाहेर पडेल ती ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाची लेक, किंवा मोठा भाऊ म्हणून कमाईला लागलेला पोरगा. "प्रमाणपत्र मिळाले ना, आता बास," असे सांगून मुलीचे स्थळ बघायला सुरुवात होईल. भौतिकशास्त्राचे एका वर्षाचे प्रमाणपत्र हातात असून बाजारात त्याला काय मोल येणार, याचा विचार आईबापांनीच करावा.

प्रसंग कोणावरही येतो. शिक्षण थांबवणे भागच पडले, तर बाबासाहेबांनी केले तेच करावे. श्रेयांक बँकेचे खाते उघडलेले असावे, सर्व सत्रांचे श्रेयांक त्यात जमा झाल्याची खात्री करावी, सत्रांच्या मधल्या काळात नव्हे तर वर्ष पुरे करूनच थांबावे, आणि परत येण्याचे वर्ष घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावे. तीन वर्षे बघता बघता जातात.

दाराशी आलेले जग

कोणी विचारील, भौतिकशास्त्र शिकून खेड्यातल्या पोराला काय मिळणार? याचे उत्तर शेजारच्या जिल्ह्यातच आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा होत आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अवकाशातल्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपल्या. तसेच यंत्र आपल्या मराठवाड्यात उभे राहणार आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांतून धावणारा लेसरचा प्रकाश, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान बदल ओळखण्याची करामत.

हे ऐकून डोके गरगरते. परंतु या यंत्राचे मूळ तत्त्व मायकेलसनच्या व्यतिकरणमापकाचे आहे, आणि ते बी.एस्सी.च्या प्रकाशशास्त्रात शिकवले जाते. प्रयोगशाळेत त्याचे आरसे जुळवताना ज्या मुलीचे हात स्थिर झाले, तिला औंढ्याचे यंत्र परके वाटणार नाही. निर्वात नळ्या, लेसर, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक : या सर्वांना माणसे लागतील. आपली मुले तेथे कुंपणाच्या आत शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ म्हणून असतील, की बाहेर चहाच्या टपरीवर, याचा निर्णय आजच्या विषयनिवडीत होतो आहे.

पालकांनी काय करावे?

पैशाची चिंता खरी आहे. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज 'महाडीबीटी'वर भरावा लागतो. वसतिगृहात नंबर लागला नाही तर समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे बारावीच्या परीक्षेपूर्वीच तयार ठेवावीत. निकालानंतर तहसीलला रांगा लागतात आणि मुदत निघून जाते.

ज्यांची तयारी अधिक आहे त्यांनी आयसरची परीक्षाही द्यावी. २००६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आयसरमध्ये सुरुवातीला सर्व विज्ञाने शिकून मग आपला विषय निवडता येतो, आणि तेथे आपल्यासाठी राखीव जागा आहेत. ज्यांना गावाजवळच राहावे लागते, त्यांना जिंतूर-परभणी जवळ आहे. शिवाय 'स्वयम्'वरील ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्य केल्यास त्यांचे श्रेयांकही पदवीत धरले जातात.

शेवटी मायबहिणींना एक विनंती. तुम्हांला भौतिकशास्त्र कळण्याची गरज नाही. मूल रात्री अभ्यासाला बसले की फक्त एवढे विचारा, "आज प्रयोगशाळेत काय केलेस? मला सांग." आईला समजेल अशा भाषेत जो सांगू शकतो, त्याला ते खरोखर समजलेले असते. आणि तो सांगताना अडखळला, तर उद्या सरांना विचारायचा प्रश्न त्याला आजच सापडला, असे समजा.